हळदीची पेटी

परवा सकाळी ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. गल्लीतलेच एक गृहस्थ आले. पन्नाशीचे, गळ्यात पक्षाचं उपरणं, हातात मतदारांच्या चिठ्ठ्या. पाणी प्यायले, चार दाणे तोंडात टाकले आणि म्हणाले, "आजी, यंदा सरकार गेलंच समजा. आपली सीट तं पक्कीच हाये. गावोगाव फिरून आलो, सगळे आपल्याले हाव म्हणतात."

"सगळे?" मी विचारलं.

"एकूण एक."

मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. त्यांना वाटलं असेल, म्हातारीला कमी ऐकू येतं. पण मला चांगलं ऐकू येतं. आमच्या वऱ्हाडातला 'हाव' तर जरा जास्तच ऐकू येतो. त्यात होकार किती, भीड किती आणि भीती किती, हे ओळखायला मी शिकले खरी, पण शिकले तेव्हा त्याचा कुणालाच उपयोग उरला नव्हता.

ते गेले, आणि मागे तो जुना हंगाम येऊन बसला.

हिवाळ्यात मलकापूरची हवासुद्धा पांढरी असायची. सरकी काढणाऱ्या जिनांचे भोंगे पहाटेच वाजत. मोताळ्याकडून येणाऱ्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागे आणि गाड्यांतून निसटलेला कापूस दोन्ही बाजूंच्या बाभळींना लटकून राही. दुरून वाटावं, बाभळींना अवेळी फुलं आली आहेत. सगळ्या गावाला सरकीचा तेलकट, उबदार वास यायचा. खेड्यांत गेलं की तो वास संपायचा आणि हुरड्याचा धूर सुरू व्हायचा. नळगंगेत पाण्याची एकच धार उरलेली असे, घोट्याइतकी. बायका ओटीत कापूस वेचत रांगेनं पुढे सरकत, आणि बोंडाच्या टोकांनी त्यांची बोटं इतकी चिरलेली असत की भाकरी थापताना मीठ झोंबायचं.

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. लग्नानंतर तीन वर्षांतच कपाळ पांढरं झालं, म्हणून माहेरी परत आले होते, आणि मुलींच्या एका खाजगी शाळेत शिकवत होते. घर दादाचं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वकील होता, पण जंगलचा कायदा मोडून तुरुंगात जाऊन आला आणि नंतर कोर्टाची पायरी क्वचितच चढला. गावोगाव हिंडायचा. लोक त्याच्या पाया पडायचे. तो पाय मागे घ्यायचा, पण त्याला आवडायचंही, हे मी बहीण म्हणून सांगते.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं. कायदे करणारी सभा नागपुरात. आमच्या भागातून तिथे बसायचे रावसाहेब. मोठे जमीनदार, सरकारची मर्जी असलेले. नळगंगेच्या काठी चिंचटेक नावाच्या गावात त्यांची गढी होती आणि आजूबाजूच्या सात-आठ गावांत त्यांची शेतं. त्या वर्षी नव्या कायद्यानं निवडणूक होणार होती. सरकारविरुद्धच्या आमच्या पक्षानं रावसाहेबांसमोर दादाला उभं केलं.

मतदारांच्या यादीत त्या वेळी नवीन काय होतं, तर बायका. ज्यांच्या नवऱ्याच्या नावे ठरावीक शेतसारा होता, त्यांनाही मत. अक्षर न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळ्या रंगाची. आमची पिवळी, रावसाहेबांची तांबडी. बायकांकडे जायचं कुणी? मी. शाळा सुटली की आणि सुट्टीच्या दिवशी दमणी, म्हणजे हलकी बैलगाडी, जुंपून मी खेड्यांत जायची. चुलीपाशी, गोठ्यात, कापसाच्या पऱ्हाटीच्या ओळींत उभी राहून सांगायची, "आपली पेटी हळदीची. ध्यानात ठेवा, हळदीची." बायका हसायच्या. "हाव बाई, तुमालेच," म्हणायच्या. मी वहीत नावापुढे फुली करायची.

आठवडाभरात रावसाहेबांच्या माणसांनीही उत्तर शोधलं. तांबडी पेटी म्हणजे कुंकवाची. कुंकवाच्या पेटीत मत टाकलं नाही तर काय होईल ते तुमचं तुम्ही पाहा. आणि पलीकडून मत मागायला कोण येते, तिच्या कपाळाकडे एकदा नीट बघा.

हे मला एका म्हातारीनंच सांगितलं, अगदी निरागसपणे. मी दमणीत बसल्यावर पदर कपाळावर ओढून घेतला. पुढच्या गावी गेल्यावर पुन्हा मागे सारला. दादाला यातलं काही सांगितलं नाही. त्याच्या सभांना माणसं मावत नव्हती. झाडांवर चढून ऐकत. तो बोलायला उभा राहिला की आधी काही क्षण नुसता उभा राहायचा, आणि त्या शांततेत लोकांच्या श्वासाचा आवाज यायचा. अशी सभा पाहिल्यावर कुणाला वाटेल की आपण हरू? नागपूरची वर्तमानपत्रं लिहीत होती, वऱ्हाडात सरकारपक्ष साफ होणार. मलकापूरच्या स्टेशनावरचे हमाल म्हणत, वकीलसाहेब निवडून आल्यातच जमा. आमच्या ओसरीवर तर आता विजयाची चर्चाही होत नव्हती. चर्चा होती ती मिरवणूक कुठून काढायची याची.

संक्रांतीनंतरच्या एका दुपारी बानूबी आली.

बानूबी रोहिणखेडची मन्यारीण. डोक्यावर बांगड्यांची पाटी घेऊन ती पंचक्रोशीतली सगळी गावं पायी फिरायची. तिच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या हाच धंदा. आमच्याकडे वहिनीसाठी यायची, आणि वहिनीच्या बांगड्या भरून झाल्या की माझ्यापाशी बसायची. मी तिचं गिऱ्हाईक नव्हते. माझ्या हातात बांगडी चढणार नव्हती. त्यामुळेच असेल, आमच्यात धंद्यापलीकडचं बोलणं व्हायचं. त्या दिवशी तिनं पाणी मागितलं नाही. पाटी उतरवली आणि म्हणाली, "बाई, एक बात बोलू का? राग नोका मानू."

"बोल."

"तुमचे दादा पडतात."

मी हसले. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगन कोन? म्या डोयानं पाह्यलं." मग तिनं सांगितलं. रावसाहेबांच्या गढीवर हळदीकुंकू झालं होतं. यादीत नाव असलेल्या प्रत्येक बाईला आवतण. सात-आठ गावांतून गाड्या भरून बायका आणल्या. प्रत्येकीला खण, प्रत्येकीला हातभर बांगड्या. बांगड्या भरायला बानूबीलाच बोलावलं होतं. सकाळपासून दिवस कलेपर्यंत ती उंबऱ्यापाशी बसून बांगड्या भरत होती. आणि बांगड्या भरल्या की एकेका बाईला आत देवघरात नेत. तिथे परातीत बेल आणि भंडारा ठेवलेला. त्यावर हात ठेवून म्हणायचं, माझं मत कुंकवाच्या पेटीत.

"सगळ्यांनी हात ठेवला?"

"एक सोडून सगळ्यायनं. ज्या बायका तुमाले हाव म्हनल्या ना, त्यायनंच. काय करतीन? देवाची शपथ हाये. वरून लेकराबायायची धास्ती."

"आणि पुरुष?"

"त्यायचं माहीत नाई. पन ज्याची बायको शपथ घेऊन आली, तो मानूस काय घर मोडन?" ती थोडी पुढे सरकली. "मले ना तुमच्या पेटीत मत, ना त्यायच्या. आमच्या मुसलमान लोकायची तं निवडनूकच अलग. त्याच्यानं माह्यासमोर कोनी खोटं बोलत नाई, बाई. तुमच्यासमोर बोलतात."

ती उठली, पाटी डोक्यावर घेतली आणि गेली. हळदीकुंकू. विधवेला ते आवतण कधीच येत नाही, आणि बायकांची मतं गोळा करायचं काम माझ्यावर. आम्हाला हे आधी सुचलंसुद्धा नाही, याची मला अजून शरम वाटते.

दादा जेवायला बसला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो जेवता जेवता थांबला नाही. "वेणू, राज्यं हळदीकुंकवानं जात-येत नाहीत," म्हणाला. "तू परवाची सभा पाहिलीस ना? एवढी माणसं काय तमाशाला आली होती?"

"सभेला आलेल्यांपैकी किती जणांना मत आहे, दादा?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत क्षणभर काहीतरी हललं. त्यालाही ठाऊक होतं, असं मला आज वाटतं. झाडावर चढून ऐकणारे, रानातून धावत येणारे, पाया पडणारे, त्यांतल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. त्यांच्या नावे ना जमीन, ना सारा. ते फक्त त्याच्यावर जीव टाकू शकत होते. पण दादानं भाताचा पुढचा घास घेतला आणि म्हणाला, "हे बाहेर बोलू नकोस. आपली माणसं बिचकतील. शंका साथीसारखी पसरते."

मी गप्प बसले. पक्षासाठी गप्प बसले, असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

आशा ही चांगली गोष्ट आहे असं आपण मुलांना शिकवतो. मी स्वतः वर्गात तसे धडे घोकून घेतले आहेत. पण खात्री ही आशेची बहीण नव्हे. आशा असलेला माणूस धडपडतो. खात्री असलेला माणूस इतरांना उघड्यावर आणून उभं करतो, आणि पाऊस आला की स्वतः छपराखाली जातो. हे मला कुठल्या पुस्तकात भेटलं नाही. कौतिकाबाईच्या शेतात भेटलं.

देवघरात हात न ठेवणारी ती एक बाई म्हणजे कौतिकाबाई. चिंचटेकचीच. वय चाळिशीच्या आत, उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. नवरा श्रीपत, मवाळ माणूस. नळगंगेच्या वळणावर त्यांचं काळंभोर शेत होतं, आणि त्या शेताला जाणारी गाडीवाट रावसाहेबांच्या शेतातून जात होती. श्रीपतच्या आज्यापासून त्याच वाटेनं गाड्या जात होत्या. ती वाट दुसऱ्या कुणाची आहे, असं कुणाच्या मनातही आलेलं नव्हतं.

बानूबी येऊन गेल्यावर चार दिवसांनी मी चिंचटेकला गेले. कौतिकाबाई शेतात कापूस वेचत होती. मला पाहून वेचणं सोडलं, बांधावर आली, हात पुसले.

"आल्या का बाई. मी तुमचीच वाट पाहून राह्यली होती."

"ऐकलं मी. गढीवरचं."

"हाव. मी नाही ठेवला हात." ती सहज सांगावं तसं सांगत होती. "मी म्हनलं, मत माह्यं हाये, देव कायले मधात आनता? सगळ्या बायका माह्याकडे पाहून राह्यल्या. गढीवरच्या बाईसाहेबानं खण माघारी घेतला. बांगड्या मातर राह्यल्या, त्या काई काढता येत नाईत ना." तिनं हात पुढे केला. हिरव्या नव्या बांगड्या, चिरलेल्या बोटांवर कापसाचे तंतू. मग तिनं विचारलं, "बाई, आता मी त सगळ्यायसमोर तोंड उघडलं. वकीलसाहेब निवडून येतीन ना? नक्की ना?"

माझ्यापाशी तेव्हा दोन उत्तरं होती. एक खरं. ते सांगितलं असतं तर ती कदाचित त्याच संध्याकाळी गढीवर गेली असती, चुकलं म्हणाली असती, बेलावर हात ठेवून आली असती, आणि पुढचं काही घडलं नसतं. तिला वाचायला अजून वेळ होता. मला ते माहीत होतं. पिवळ्या पेटीतलं एक मत कमी झालं असतं, इतकंच.

"नक्की," मी म्हटलं. "निवडून आल्यातच जमा आहे."

ती हसली. ओटीतला मूठभर कापूस माझ्या हातात ठेवून म्हणाली, "वाती करा, बाई."

मतदानाच्या दिवशी रस्ते गाड्यांनी भरून गेले होते. रावसाहेबांच्या गाड्यांतून उतरणाऱ्या बायका मला पाहून लांबूनच हात हलवत होत्या. काहींनी डोळे मिचकावून खूणही केली, तुमालेच बरं का. आमची माणसं हरखून गेली. गाड्या त्यांच्या, मतं आपली, असं म्हणून टाळ्या देत होती. मी प्रत्येकीच्या हातातल्या बांगड्या पाहत होते. हिरव्या, नव्या, एकाच पाटीतल्या.

निकाल बुलढाण्याला लागला. आम्ही घाट चढून गेलो होतो. कचेरीबाहेर लिंबाखाली उभे होतो. एक कारकून बाहेर आला, आकडे वाचले आणि आत गेला. फरक थोडाथोडका नव्हता. दादानं आपलं उपरणं काढलं, घडी घातली, पुन्हा उलगडलं, पुन्हा घडी घातली. मग म्हणाला, "मोजण्यात काहीतरी चुकलं असणार." लॉरीनं घाट उतरेपर्यंत हे वाक्य तो चार वेळा म्हणाला. खाली मोताळ्याच्या सपाटीवर आल्यावर ते म्हणायचा थांबला. रस्त्याच्या कडेला एक माणूस धावत आला, लॉरीसमोर हात जोडून उभा राहिला आणि ओरडला, "वकीलसाहेब, काय झालं?" दादानं मांडीवरचं उपरणं पुन्हा उलगडलं. त्या माणसाला मत नव्हतं.

प्रांतात मात्र आमचा पक्ष जिंकला. नागपुरात फटाके वाजले. सगळीकडे जे नक्की होतं ते खरं झालं, फक्त आमच्याकडे नाही. हरलेल्या जागेचं दुःख करायला जिंकलेल्यांना सवड नसते, हेही मी त्या आठवड्यात पाहिलं.

आठव्या दिवशी गाडीवाटेवर बाभळीच्या काट्या पडल्या.

चिंचटेकहून निरोप आला तेव्हा मी शाळेत होते. तशीच निघाले. वाटेच्या तोंडाशी माणसाच्या उंचीएवढा काट्यांचा ढीग होता, आणि त्याच्या पलीकडे श्रीपतची गाडी, बैल सोडलेले. शेतात शेवटच्या वेचणीचा कापूस फुटून लोंबत होता. ज्वारी कापून पडलेली. कौतिकाबाई नदीच्या बाजूनं येत होती. डोक्यावर ज्वारीचा भारा. नदीच्या पात्रातून, दरडीवरून, कोसभर वळसा घालून ती आणि श्रीपत एकेक भारा घरी नेत होते. जे काम गाडीनं दोन दिवसांत व्हायचं, ते तीन आठवडे चाललं. पक्ष्यांनी अर्धी कणसं रिकामी केली. कापूस वाऱ्यानं गळून मातीला लागला.

मी तिच्यापुढे उभी राहिले. तीच म्हणाली, "तुमी तरी काय करान, बाई? तुमाले थोडंच माहीत होतं."

त्या वेळी मी सांगायला हवं होतं. मी म्हटलं, "दादा अर्ज करतो आहे. वाट मोकळी होईल."

दादानं अर्ज केला, खरोखर जीव ओतून केला. कित्येक वर्षांनी कोर्टाच्या पायऱ्या चढला. म्हाताऱ्यांच्या साक्षी काढल्या. पण नकाशात ती वाट नव्हती. कुणी कधी काढलीच नव्हती, कारण गरजच पडली नव्हती. जी गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते ती कागदावर कोण लिहितो? अर्ज फेटाळला गेला. वरच्या कोर्टातही फेटाळला गेला. शेतात खत जाईना, शेतातून माल निघेना. दोन वर्षांनी बैल विकावे लागले. श्रीपत मलकापूरच्या जिनात कामाला लागला आणि रुईच्या धुळीनं खोकू लागला. कौतिकाबाई एकटी त्या शेतात जायची. डोक्यावरून नेता येईल तेवढंच पेरायची. बाकीचं शेत कुंद्याच्या तणानं भरलं.

मी जात राहिले. सुरुवातीला महिन्याला, मग सणावाराला, मग वर्षातून एकदा. प्रत्येक वेळी ठरवून जायची की आज सांगायचं. प्रत्येक वेळी ती गूळ-पाणी पुढे करायची, आणि मी शाळेतल्या मुलींच्या गोष्टी सांगून परत यायची. अपराध जुना झाला की हलका होतो असं म्हणतात. माझा अनुभव वेगळा आहे. जुना झाला की तो सवयीचा होतो, आणि सवयीच्या ओझ्याखाली माणूस आपण वाकलो आहोत हेच विसरतो.

मग लढाई आली. दादा पुन्हा तुरुंगात गेला, आणि परत आला तो निम्मा होऊन. दम लागायचा, हात थरथरायचे. लढाई संपल्यावर पुन्हा निवडणूक आली. आता तर वाऱ्यालाही कळत होतं की इंग्रज जाणार आणि आमचा पक्ष येणार. दादाला उमेदवारी मिळणार, याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. वहिनीनं त्याची अचकन उन्हात टाकली.

उमेदवारी रावसाहेबांना मिळाली. वर्षभरापूर्वी त्यांनी खादी घातली होती, सरकारी किताब परत केला होता. नागपूरहून आलेल्या पुढाऱ्यानं दादाला बाजूला घेऊन समजावलं, ते मी दाराआडून ऐकलं. "तुमचा त्याग मोठा आहे, वकीलसाहेब. पण आपल्याला जागा नक्की हवी." दादा म्हणाला, "पक्षाची आज्ञा." एवढंच. पुढारी गेल्यावर त्यानं स्वतःच दोरीवरची अचकन काढून आत नेली.

त्यानं रावसाहेबांसाठी भाषणंही केली. दम लागायचा, मधेच थांबायचा. लोकांना वाटायचं, जुन्या सभांसारखाच तो मुद्दाम थांबला आहे.

मतदानाला कौतिकाबाई पायी आली. केस पिकले होते. मला बाजूला घेऊन म्हणाली, "पिवळीच ना, यंदाबी?"

या वेळी मी खरं सांगितलं. "कौतिकाबाई, पिवळ्या पेटीत यंदा रावसाहेब आहेत."

"हाये माहीत." तिनं पदर सावरला. "निरोप आला होता त्यायचा. पिवळीत टाक, म्हने, वाट देतो. टाकतो बापा. काय करता?"

"देतील?"

"नाई देनार," ती म्हणाली आणि रांगेत जाऊन उभी राहिली.

रावसाहेब प्रचंड मतांनी निवडून आले. मिरवणूक चिंचटेकला निघाली तेव्हा चैत्राचं ऊन होतं. वीस-पंचवीस गाड्या, ताशे, गुलाल. पहिल्या गाडीत रावसाहेब, त्यांच्या शेजारी दादा, दोघेही गुलालानं माखलेले. मी मागच्या एका गाडीत होते, कारण दादाला दम लागला तर कुणीतरी जवळ हवं होतं. गढीकडे जाणारा नेहमीचा रस्ता अरुंद, दोन गाड्या शेजारी जात नाहीत. म्हणून रावसाहेबांनी मिरवणूक शेतातून न्यायला सांगितली. आदल्या दिवशीच गड्यांनी त्या वाटेवरच्या काट्या ओढून बाजूला केल्या होत्या. इतक्या वर्षांत त्या काट्यांखाली गवत उगवून वाळलं होतं, त्यावरून चाकं गेली.

वळणावर मला कौतिकाबाई दिसली. मिरवणुकीकडे तिचं लक्ष नव्हतं. कुणाची तरी गाडी मागून आणलेली होती. श्रीपत बैलांना धरून खोकत उभा होता, आणि ती गाडीतलं शेणखत टोपलीनं शेतात ओतत होती. झरझर, श्वास न घेता.

मी गाडीतून उतरले. ताशांचा आवाज पुढे सरकत गेला. मी तिच्याजवळ गेले आणि म्हटलं, "कौतिकाबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या वर्षी तुम्ही विचारलं होतं, वकीलसाहेब निवडून येतील ना म्हणून. मला तेव्हाच माहीत होतं की आम्ही हरणार. बानूबीनं येऊन सांगितलं होतं. तरी मी तुम्हाला खोटं सांगितलं."

ती थांबली नाही. टोपली ओतली, रिकामी टोपली झटकली, पुन्हा गाडीशी आली.

"मलेबी माहीत होतं, बाई," ती म्हणाली. "मी तिथंच उभी होती ना. एकेकीनं हात ठेवलेला पाह्यला म्या."

"मग मला का विचारलंत?"

तिनं कपाळावरचा घाम मनगटानं पुसला. क्षणभर माझ्याकडे पाहिलं, तसंच सरळ डोळ्यांत. "एकटी पडली होती मी. कोनी संगं हाये, इतकंच ऐकाचं होतं." मग खाली वाकून दुसरी टोपली उचलली आणि माझ्यापुढे धरली. "बोलाले येळ नाई आता. आजच्या दिवस वाट हाये. धरा."

मी टोपली धरली. अंगावरचं पांढरं लुगडं, त्यावर उडालेला गुलाल, त्यावर शेणखत. माझ्या हातांना सवय नव्हती, दुसऱ्याच टोपलीला फोड आले. ती भरायची, मी ओतायची. श्रीपत गाडी घेऊन उकिरड्याकडे जायचा, भरून परत यायचा. गढीवर भाषणं सुरू झाली होती. वाऱ्यावर मधूनमधून दादाचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. दिवस मावळेपर्यंत आम्ही सहा गाड्या खत टाकलं. अर्ध्या शेतालाही पुरलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी गडी आले आणि त्यांनी काट्या पुन्हा वाटेवर ओढल्या.